सोमवारची गोळी

कोतवडेकर बाई,
चिठ्ठी शमिकाच्या दप्तरात ठेवतोय.
अक्षर ऐरणीवरचं आहे, लावून वाचा.

दर सोमवारी जेवण झालं की
तुम्ही रांग लावून गुलाबी गोळी देता,
ती शमिकाला देऊ नका.
गोळी वाईट नाही. बाकीच्यांना द्याच.
फैजान ती जिभेखाली धरतो
आणि हापशामागे थुंकतो, असं कळलं,
त्याच्याकडे बघा जरा.
पण आमच्या मुलीला लोखंड चालत नाही.

लोहाराच्या घरात हे वाक्य लिहायला
मी भाता बंद करून बसलोय.

दर तिसऱ्या मंगळवारी आठच्या एसटीनं
साखरतरचा पूल ओलांडून आम्ही सिव्हिलला जातो.
कुणाकुणाचं रक्त थेंबाथेंबानं तिच्यात उतरतं.
ती तोवर खिडकीतले कावळे मोजते.
ते रक्त तीन आठवडे राबतं,
आणि संपताना आपलं लोखंड
तिथंच टाकून जातं,
दोर तुटलेल्या नांगरासारखं,
यकृतात, हृदयात रुतून.
आकडा तीन हजारांवर होता.
मी जन्मभर लोखंड किलोनं तोललं, बाई.
असंही मोजतात, ठाऊक नव्हतं.

गाव प्रेमळ आहे, हीच अडचण.
शेवंतीकाकू बीट आणून देतात,
मेव्हण्यानं टॉनिक आणलं, बाटलीवर उधळलेला घोडा.
'पोर पांढरी पडलीय रे दिगू,
भाजी लोखंडी कढईत कर,'
सांगतात कुणाला, तर मला!
कढया मीच विकल्यात त्यांना.
आमच्या चुलीवर जर्मनची पातेली.

तिच्या बाटलीत कोरा चहा असतो.
परवा तुम्ही रागावलात, रास्तच आहे,
पण जेवणासोबत चहा घेतला
की अन्नातलं लोखंड अंगी कमी लागतं.
साखर नसते. तोंड वाकडं करून पिते.

ओहोटीला तिसऱ्या उकरण्यात
काळबादेवीत तिचा हात कुणी धरणार नाही.
टोपली भरून आणते, आईला धुऊन देते,
आम्ही सुकं खातो तेव्हा
ती बांगड्याचा तुकडा घेऊन बसते
आणि आमच्या शिंपल्या मोजते.
काल एकशे बारा.

मग देतो काय?
फॉलिक ॲसिड, पिवळी, मसुराएवढी, रोज.
हाडांसाठी ड जीवनसत्त्वाची पुडी, रविवारी, दुधातून.
जस्ताची गोळी, गंजक्या खिळ्यासारखी लागते म्हणते.
खिळा कधी चाखलास गं?
म्हणाली, लहानपणी.
(नऊ वर्षांची आहे.)
आणि लोखंड बाहेर काढणारं औषध, दिवसातून तीनदा.
त्यानं लघवी विटकरी होते,
खाऱ्या वाऱ्यानं फाटकावर चढतो त्या रंगाची.
पहिल्यांदा सुगंधा न्हाणीत बसून रडली.
आता पोर आतून ओरडते, 'बाबा, गंज निघाला!'
आणि मी इकडे हातोडा दोनदा जास्त मारतो.

अर्धा दोष माझ्याकडून आला, अर्धा तिच्या आईकडून.
आम्हा दोघांना कधी ताप नाही की खोकला नाही.
दोन तुकडे चांगले असले तरी जोड दगा देतो,
हे माझ्या धंद्यात रोज दिसतं.
मला आधी कळायला हवं होतं का?
डॉक्टर म्हणाले, तपासल्याशिवाय कसं कळणार?
तरी रात्री विचारतोच मी स्वतःला.

मुख्य गोष्ट राहिली.
तिला रांगेबाहेर काढू नका.
मागच्या सोमवारी ती आपणहून पायरीवर जाऊन बसली,
आणि पोरं म्हणाली, हिला कायतरी झालंय.
सोबत डबी देतोय,
तंबाखूची होती, दोनदा उकळलीय.
तिच्या पिवळ्या गोळ्या आहेत त्यात.
सोमवारची एक घरी देणार नाही,
तिचा नंबर आला की तुम्हीच द्या,
सगळ्यांसारखी, हातावर.

आपला,
दिगंबर पांचाळ

ता. क.
शाळेच्या फाटकाची बिजागरी करकरते.
रविवारी येऊन बदलतो. पैशाचं बोलू नका.
लोखंड आमच्याकडे पुष्कळ आहे.